बारा चिठ्ठ्या

"सर, काऊन चिठ्ठ्या टाकायच्या? तुमी सांगा नं डायरेक्ट. तुमी म्हणाल तिथं जेवू," धनंजय देरकर म्हणाला.

"असं नाही चालणार," मी म्हणालो. "अकरा जण जेवणार आहात, अकरा जणांनी ठरवायचं. वहीचं पान फाड आणि सारखे तुकडे कर."

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि लोकशाहीवर माझा जरा जास्तच विश्वास होता. मिरजेहून वणीला राज्यशास्त्र शिकवायला आलो त्याला चार वर्षं झाली होती. माझ्या वर्गात सगळं गुप्त मतदानानं व्हायचं: सहल कुठं न्यायची, परिसंवादाला विषय कोणता घ्यायचा, एवढंच काय, मागच्या बाकांवरचा खडखडणारा पंखा चालू ठेवायचा की बंद, हेसुद्धा. वर्गप्रतिनिधी चिठ्ठ्या उघडून मोठ्यानं वाचायचा आणि फळ्यावर रेघा मारायचा. मीही एक चिठ्ठी टाकायचो. गुरुजी असलो तरी मत एकच, असं मी छाती फुगवून सांगत असे. स्टाफरूममध्ये माझी थट्टा व्हायची, पण ती मला गोडच वाटायची.

त्या बुधवारी प्रश्न साधा होता. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाची अकरा मुलं परीक्षेनंतर पांगणार होती. शनिवारी संध्याकाळी मी त्यांना जेवायला नेणार होतो, माझ्यातर्फे. फक्त कुठं, ते ठरायचं होतं.

"राजवैभव," रोहिणी गुंडावार लगेच म्हणाली. रोहिणी वर्गात पहिली येणारी, बोलायला गोड. तिच्या वडिलांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं. "बायपासवर नवीन झालंय, सर. शुद्ध शाकाहारी आहे, वर फॅमिली हॉल आहे. घरचे पण हो म्हणतील."

सात-आठ माना हलल्या. मी खडू उचलला आणि फळ्यावर 'राजवैभव' लिहिलं. "आणखी कुठलं नाव?"

विशाखा गजभिये उभी राहिली. ती खरं तर कधी उभी राहून बोलत नसे. तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसायची, विचारलं तर नेमकं उत्तर द्यायची आणि पुन्हा वहीत डोकं घालायची.

"सर, आमच्याकडे पण होऊ शकते," ती म्हणाली. "आईनं म्हटलं आहे."

तिची आई पंचफुलाबाई एस.टी. स्टँडच्या रस्त्यावर भोजनालय चालवायची. पाच टेबलं, वर टिनाचं छप्पर, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी बाबासाहेबांचा फोटो, बाहेर पाटी: 'विशाखा भोजनालय'. ड्रायव्हर-कंडक्टर आणि कोळसा खाणीतले कामगार तिथं जेवत. आणि मीही जेवलो होतो. लग्न व्हायच्या आधी दोन वर्षं, दोन्ही वेळा. पहिल्याच पावसाळ्यात मला मलेरियानं लोळवलं, तेव्हा ह्या बाईनं आठ दिवस मऊ भाताचा डबा खोलीवर पोचवला होता आणि वर दरवेळी निरोप, की संपवल्याशिवाय डबा परत घेणार नाही. लग्न झालं, घरी चूल पेटली, आणि माझं तिकडं जाणं आपोआप थांबलं. वाईटपणा काही नव्हता. रस्ता तेवढा बदलला.

"नॉनवेजवालं आहे नं पण ते," मागून कोणीतरी म्हणालं.

"शनिवारी नाही करणार," विशाखा म्हणाली. हे उत्तर तिनं घरून आणलेलं होतं, हे ऐकताना कळत होतं. "पूरा स्वयंपाक शाकाहारीच राहील. पाटोडीचा रस्सा, वांगे, लांब पोळ्या. ताटल्या पण नेहमीच्या नाही, वेगळ्या आणणार आहे आई."

कोणी पेनाचं टोपण काढून लावू लागलं, कोणी खिडकीबाहेर पाहू लागलं. धनंजयनं घसा खाकरला. "तिथं जागा पुरन का पण? ड्रायव्हर लोक असतात, मुली आहेत आपल्यासोबत..."

"त्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या कोणाला नाही घेणार," विशाखा म्हणाली.

ह्याचंही उत्तर आल्यावर सगळ्यांनी रोहिणीकडे पाहिलं. रोहिणी अवघडून हसली. "तसं काही नाही गं विशाखा. पण आमच्या घरी चालत नाही नं बाहेरचं."

राजवैभव काय तिच्या माजघरात होतं? तेही बाहेरचंच होतं. एवढा एक प्रश्न मी त्या वेळी विचारायला हवा होता. फार तर वर्ग आणखी थोडा अवघडला असता, पण गोष्ट उघड्यावर आली असती. जानेवारीत मी ह्याच मुलांना संविधानाचं सतरावं कलम शिकवलं होतं. अस्पृश्यता नष्ट केली आहे, तिचं कोणत्याही स्वरूपातलं आचरण निषिद्ध आहे. रोहिणीनं त्यावर दहापैकी नऊ गुणांचं उत्तर लिहिलं होतं. आता वर्गात जात हा शब्द कोणीही उच्चारत नव्हतं, आणि मी मूग गिळून फळ्यापाशी उभा होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

एक गोष्ट मी सरळ करू शकलो असतो. यजमान मी होतो. "शनिवारी विशाखाकडे," एवढं म्हटलं असतं तर सगळे आले असते, निदान निम्मे तरी. पण मग रोहिणीच्या वडिलांचा प्राचार्यांना फोन गेला असता, धनंजयच्या काकांचा संस्थेत शब्द होता, आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. आणि हाताशी माझी लाडकी मतपेटी होती, मिठाईचा रिकामा डबा. सुंठीवाचून खोकला जाईल, अशी मी अटकळ बांधली.

"दोन नावं आहेत," मी म्हणालो आणि फळ्यावर दुसरं नाव लिहिलं. "कुणावरही दडपण नाही. मनापासून वाटेल ते लिहा. मीही माझं लिहितो."

विशाखानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, हे मला आजही स्वच्छ आठवतं. उलट मी 'मीही लिहितो' म्हटल्यावर ती जराशी सैल झाली आणि चिठ्ठीवर वाकली.

डबा फिरला. बारा चिठ्ठ्या पडल्या. धनंजय टेबलापाशी आला आणि एकेक उघडून वाचू लागला.

"राजवैभव. राजवैभव. राजवैभव." तो फळ्यावर रेघा मारत होता. पाच रेघांचा एक जुडगा झाला. मग दुसरा झाला. वाचणाऱ्याचा आवाज आठव्या-नवव्या चिठ्ठीपासून पडत गेला, कारण जे होत होतं ते त्यालाही नको होतं. हरवायचं होतं, पण एवढं नाही. "राजवैभव," त्यानं अकरावी वाचली. बारावी उघडली, पाहिली आणि न वाचताच रेघ मारली.

बारा. विशाखा भोजनालय ह्या नावाखाली फळा कोरा होता.

म्हणजे माझंही मत राजवैभवला होतं. आता लपवून काय करायचं? माझं तिरकं अक्षर सगळा वर्ग रोज फळ्यावर पाहायचा. चिठ्ठ्या उघडणार धनंजय. गुप्त मतदान सगळ्यांना गुप्त होतं, मला नव्हतं, हे चिठ्ठी लिहायला घेतली तेव्हाच माझ्या लक्षात आलं. सरांनी तिकडं मत दिलं, हे तासाभरात कॉलेजभर झालं असतं. मग मी स्वतःशी एक युक्तिवाद केला. विशाखा स्वतःचं मत स्वतःला देईलच. म्हणजे एक तरी निघेल, पोरीची अगदीच शोभा होणार नाही. मग माझ्या एका मतानं काय बिघडतं? असा विचार करून मी 'राजवैभव' लिहिलं आणि घडी घातली.

आणि तिनं स्वतःलाच मत दिलं नव्हतं. ते पाहून मला आधी काय वाटलं असेल? लाज नाही. मला तिचा राग आला. पोरीनं माझी गोची केली, असं वाटलं.

शनिवारी जेवण ठरल्याप्रमाणे राजवैभवमध्ये झालं. विशाखाही आली, सगळ्यांबरोबर जेवली, फोटोला उभी राहिली. त्या जेवणाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. जे काय झालं ते बुधवारीच झालं.

त्या दिवशी तास संपल्यावर मुलं भराभर बाहेर पडली. रोहिणी विशाखापाशी थांबून काहीतरी बोलू पाहत होती, पण विशाखानं दप्तर आवरून झाल्यावर सरळ माझ्याकडे पाहिलं. मला उगाचच पुढाकार घ्यावासा वाटला.

"तुझ्या आईला मी सांगतो," मी म्हणालो. "तू काळजी करू नकोस. मी येतो संध्याकाळी."

"हो, सर," ती म्हणाली. "तुमीच सांगा."

साडेपाचच्या सुमारास गेलो. गिऱ्हाइकांची वेळ व्हायची होती. पंचफुलाबाई मागच्या बाजूला चुलीपाशी होती. मला पाहताच पदराला हात पुसत बाहेर आली.

"या जी, सर! किती दिसांनं आले. लगन झालं अन् आमाले इसरूनच गेले." तिनं खुर्ची पुसली. "बसा. आदी हे पाहा, मंग चा घेऊ."

कोपऱ्यातल्या टेबलावरचं फडकं तिनं बाजूला केलं. खाली ताटल्यांची चळत होती, कोऱ्या करकरीत.

"बचत गटाच्या हायत. आजच आनल्या. पंधरा मांगतल्या, म्हटलं एखादा पोट्टा वाढला तं पंचाईत नको. यायले मटनाचा हात नाई लागला जी. तुमी पोट्ट्यायले बिनधास्त सांगा."

मी ताटलीकडे पाहत उभा राहिलो. एवढ्यात आतून विशाखा आली. तिच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. मला पाहून ती दारातच थांबली. तिनं घरी काही सांगितलेलं नव्हतं.

"पंचफुलाबाई," मी म्हणालो, "जरा गडबड झाली. म्हणजे तसं काही नाही. पण मुलांनी मतदान केलं आज. बहुतेकांचं म्हणणं पडलं, की बायपासवर जावं. नवीन हॉटेल आहे ना. मुलांना नव्याचं आकर्षण असतं."

तिच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. "असं का," ती म्हणाली. मग तिनं फडकं ताटल्यांवर पहिल्यासारखं घातलं, चारी टोकं नीट ओढली. "जाऊ द्या. पोट्टेच हायत. आमी जोर थोडीच करतो."

मला वाटलं, सुटलो. पण ती पुढं म्हणाली, "अन् तुमी, सर? पोरीनं तं मले कालच सांगतलं होतं. आई, कोनी नाई देल्लं तरी सरचं मत आपलंच राहीन. ते जेवले आपल्या घरचं."

तिच्या विचारण्यात जाब विचारण्याचा सूर नव्हता. उत्तर काय येणार ह्याची तिला खात्रीच होती, फक्त ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. आणि तिच्यामागं, दारात, विशाखा उभी होती. तिनं फळा पाहिला होता.

खरं सांगायला दोन शब्द पुरले असते.

"हो तर," मी म्हणालो. "माझं मत इकडंच होतं."

बोलून गेलो आणि मग विशाखाकडे पाहिलं. तिनं एक शब्द काढला असता तर मी त्या टिनाच्या छपराखाली तिथंच गाडला गेलो असतो. ती माझ्याकडे पाहत होती. मग तिनं कोथिंबिरीची जुडी टेबलावर ठेवली.

"हो, आई," ती म्हणाली. "सरनं आपल्यालेच देल्लं."

पंचफुलाबाईचा चेहरा उजळला. म्हणजे अगदी खराखुरा उजळला. "पाहा! मी म्हटलं नं." ती माझ्याकडे वळली. "मंग तुमी असे नाई जायचे. शनिवारसाठी पीठ कसं भिजते ते पाहाले आज थोडं भिजवलं मी. बसा. दोन पोळ्या टाकतो. रस्सा हायेच."

"नको, नको, घरी..."

"घरी रोजच हाय जी. बसा. इशाखा, सरले पानी दे."

ती चुलीपाशी गेली. मी बसलो होतो तिथून तिचे हात दिसत होते. पातळसर भिजवलेल्या कणकेचा गोळा ती दोन्ही हातांवर झेलत होती. झेलता झेलता तो लांबत कोपरापर्यंत यायचा, आणि मग ती तो चुलीवर उपड्या घातलेल्या माठावर अलगद टाकायची. एक क्षण चुकला तर पोळी फाटते. दोन वर्षं मी हे रोज पाहिलं होतं आणि रोज मला ती फाटेल असं वाटायचं.

विशाखानं पाण्याचा गडवा आणून ठेवला. माझ्यापुढं ताटली मांडली. नव्यांतली नाही, नेहमीची.

मी आवाज खाली आणला. "तू खोटं का बोललीस?"

"तुमी बोलले म्हणून," तीही तेवढ्याच हळू म्हणाली. "तिच्यासमोर तुमाले खोटं पाडू का, सर? ती दोन दिवस झोपली नसती."

"विशाखा, माझी अडचण अशी होती, की..."

"मी विचारलं नाही, सर."

माझ्या मनातली ठसठस मात्र गेली नव्हती, आणि आता सांगायला हरकत नाही, मला त्या वेळीही स्वतःला सोडवून घ्यायचं होतं. दोष थोडा तिच्याकडे सरकला असता तर मला हवाच होता.

"पण तू तरी?" मी म्हणालो. "तू स्वतःलाच मत दिलं नाहीस. मी धरून चाललो होतो, की तुझं एक तरी निघेल."

ती ताटलीत मीठ वाढत होती. हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं, हे मला कळलं. मी का मत दिलं नाही, कशाच्या भरवशावर दिलं नाही, सगळं.

"माझं टाकलं असतं तर एक निघालं असतं, सर," ती म्हणाली. "सगळे म्हणाले असते, ते हिचंच. मीपण तेच म्हटलं असतं. मला माझ्याशिवाय एक पाहायचं होतं. म्हणून माझं तिकडं टाकलं. एक जरी निघालं असतं, तर ते कोणाचं हे मला पक्कं माहीत असतं."

ती मिठाचं भांडं घेऊन बाजूला झाली, कारण आई येत होती.

पंचफुलाबाईनं गरम पोळी दोन्ही हातांवर पसरून आणली आणि घडी घालून माझ्या ताटलीत ठेवली. रस्सा वाढला. मग माझ्या तोंडाकडे पाहून तिथंच थांबली.

"तोंड काऊन पाडलं जी? आपल्या मनासारखं नाई झालं म्हून?" तिनं चक्क माझी समजूत घातली. "मनाले लावून घेऊ नका. अकरा पोट्ट्यायसमोर तुमी एकटे का करान? तुमी आमच्या बाजूनं उभे राह्यले, आमाले तेवढं लय झालं. खा."

मी घास तोडला. ती समोरच्या खुर्चीवर टेकली आणि मी खातो की नाही ते पाहू लागली. मलेरिया ओसरून मी पहिल्यांदा तिथं जेवायला आलो होतो तेव्हाही ती अशीच बसली होती. मी मान वर केली नाही. ताटलीत पोळी संपत आली, तशी ती म्हणाली, "इशाखा, सरले दुसरी दे."

विशाखा पोळी घेऊन आली. तिनं ती वाढली नाही, ताटलीवर धरून उभी राहिली.

"देऊ, सर?"

मी हो म्हणालो. नाही म्हणायला काही कारण द्यावं लागलं असतं, आणि आई समोर बसली होती. विशाखानं वाढली. माझ्या लाजेला सीमा नव्हती, पण जेवण नेहमीसारखंच उत्तम झालं होतं, आणि मी ती दुसरीही पोळी सगळी खाल्ली.